वीज गेल्यानंतर घरातील बिटकॉइन नोड नीट का उठत नाही? अनुभवी नोडचालकांचा सल्ला हवा आहे

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. गेले आठ महिने मी मुलुंड येथील घरी बिटकॉइन कोअरचा पूर्ण नोड, म्हणजे बिटकॉइनचे सर्व व्यवहार आणि त्यांचे गट (ब्लॉक) स्वतः तपासून साठवणारे सॉफ्टवेअर, चालवत आहे. लॅमिंग्टन रोडवर एका कार्यालयातून निघालेला जुना डेस्कटॉप मिळाला. त्यात १६ जीबी रॅम आणि २ टीबीची नवी एसएसडी बसवली. नोड डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातील एका वेगळ्या कप्प्यात, चालतो आणि डीबीकॅश (नोडसाठी राखलेली रॅम) ४००० एमबीवर ठेवलेला आहे. यूपीएसची यूएसबी केबल संगणकाला जोडलेली असल्यामुळे बॅटरी उतरू लागली की संगणक आपोआप बंद होतो, आणि हे मी दोन वेळा मुद्दाम तपासूनही पाहिले आहे.

आता अडचणी सांगतो. पहिली अशी की संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की नोड ताज्या ब्लॉकपर्यंत पोहोचायला जवळजवळ अर्धा तास घेतो, मग तो पाच मिनिटेच का बंद असेना. दुसरी अडचण मोठी आहे. जून महिन्यात आमच्या इमारतीत मीटरच्या खोलीचे काम निघाले आणि दिवसभर वीज नव्हती. संध्याकाळी संगणक सुरू केला तेव्हा नोडने ब्लॉकच्या डेटाबेसबद्दल तक्रार केली आणि तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीइंडेक्स, म्हणजे साठवलेल्या ब्लॉकवरून डेटाबेस नव्याने बांधण्याचे काम, लावला, ज्याला पाच दिवस लागले. यूपीएसने संगणक व्यवस्थित बंद केलेला असताना डेटाबेस बिघडलाच कसा, हे मला आजही उमगलेले नाही. एसएसडी सदोष असावी असा संशय आहे, पण तिच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीत) एकही त्रुटी दिसत नाही.

तिसरी गोष्ट, माझ्या नोडला दहा जावक जोडण्या (त्याने इतर नोडशी केलेल्या) नियमित असतात, पण आठ महिन्यांत आवक जोडणी (इतरांनी त्याच्याशी केलेली) एकही आलेली नाही, जरी राउटरवर ८३३३ हे बिटकॉइनच्या जोडण्यांचे पोर्ट उघडलेले आहे. आणि शेवटचे, याच संगणकावर इथेरियम या दुसऱ्या साखळीचा (ब्लॉकचेनचा) व्हॅलिडेटरही, म्हणजे ठेव ठेवून ब्लॉकवर मत देणारा नोडही, चालवता येईल का?

प्राथमिक माहिती मी वाचलेली आहे, म्हणून कृपया त्यापुढचे सांगावे. माझे वॉलेट दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरला न विचारता माझ्याच नोडला विचारते, ही गोष्ट माझ्यासाठी मोलाची आहे आणि ती मला सोडायची नाही.

माहीमकाठ

नमस्कार मुलुंडकर. आपण सांगितलेल्या पहिल्या दोन तक्रारी मला एकाच दुखण्याच्या वाटत नाहीत, म्हणून त्या वेगळ्या करून पाहू.

अर्ध्या तासाच्या विलंबाचे मूळ बहुधा डॉकरमध्ये आहे. नोड चालू असताना न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीतील, म्हणजे चेनस्टेटमधील, ताजे बदल बराच काळ रॅममध्येच धरून ठेवतो. डीबीकॅश म्हणजे याच बदलांसाठी राखलेली जागा. हे बदल डिस्कवर उतरवण्यास जुन्या आवृत्त्यांत चोवीस तासांपर्यंत अवधी जाऊ शकतो. नोड रीतसर बंद झाला तर जाताना तो सगळे उतरवून जातो, पण त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. डॉकर मात्र कंटेनरला थांबण्याचा इशारा देऊन केवळ १० सेकंद वाट पाहतो आणि नंतर प्रक्रिया सरळ मारून टाकतो. आपल्या यूपीएसने संगणक व्यवस्थित बंद केला, पण त्या संगणकातील नोड अर्ध्यावर मारला गेला, असे यात झाले असणार. मग पुन्हा सुरू झाल्यावर डिस्कवरील चेनस्टेट काही तासांपूर्वीची असते आणि मधले सगळे ब्लॉक नव्याने लावावे लागतात.

हे पडताळणे सोपे आहे. डीबग लॉगमध्ये प्रत्येक वेळच्या बंद होण्याची शेवटची ओळ पाहा. 'शटडाउन: डन' अशी नोंद नसेल तर नोड मारला गेला. नंतरच्या सुरुवातीला पहिली 'अपडेटटिप' ओळ (साखळीचे टोक पुढे सरकल्याची नोंद) कोणत्या उंचीच्या, म्हणजे अनुक्रमांकाच्या, ब्लॉकची आहे तेही पाहा. ती आधीच्या शेवटच्या उंचीहून मागे असेल तर तेवढे काम वाया गेले. उपाय म्हणून कंटेनरच्या थांबण्याची मुदत वाढवून १० मिनिटे करा. बिटकॉइन कोअरसोबत येणाऱ्या सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रणालीच्या) सेवा-फाइलमध्येही ६०० सेकंदच दिलेले आहेत, म्हणजे हा आकडा मी माझ्या मनाने सांगत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. कंटेनरमध्ये नोड एखाद्या शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल तर थांबण्याचा इशारा त्या स्क्रिप्टपाशीच अडतो, नोडपर्यंत पोहोचतच नाही. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत 'एक्झेक' वापरून नोड सुरू करावा, म्हणजे इशारा थेट त्यालाच मिळतो.

डीबीकॅश ४००० ही सोय पहिल्या जुळवणीसाठी, म्हणजे सगळी साखळी प्रथम उतरवून तपासण्यासाठी, उत्तम आहे. त्यानंतर मी ती ४५० एमबीवर आणतो. रोजच्या सरासरी १४४ ब्लॉकना तेवढी पुरते आणि बंद होताना उतरवायचा मजकूरही कमी राहतो.

आता जून महिन्यातील प्रकार. नुसती प्रक्रिया मारली गेल्याने लेव्हलडीबीचा (नोड आपल्या याद्या ज्यात ठेवतो त्या प्रणालीचा) डेटाबेस सहसा बिघडत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टमकडे सोपवलेले लिखाण ती नंतर डिस्कवर पोहोचवतेच. खरा बिघाड होतो तो बहुतेकदा वीज अचानक जाऊन, आणि त्यातही डिस्कने 'लिहून झाले' असे खोटे सांगितलेले असेल तेव्हा. वीज जाताना स्वतःजवळचा मजकूर वाचवणारे कपॅसिटर घरगुती एसएसडीमध्ये सहसा नसतात. यूएसबीच्या स्वस्त डब्यात बसवलेली डिस्क असेल किंवा बाजारातून आणलेली बाह्य डिस्क एक्सफॅट स्वरूपातच वापरली असेल तर धोका आणखी वाढतो. आपली डिस्क आत बसवलेली आहे, अहवाल स्वच्छ आहे आणि संगणकही व्यवस्थित बंद झाला होता. म्हणून डिस्कवर दोष ठेवण्यापूर्वी मला एकच विचारायचे आहे: त्या संध्याकाळी पडद्यावर आलेला संदेश शब्दशः काय होता? रीइंडेक्स हा शेवटचा उपाय आहे आणि पुष्कळ लोक तो पहिला म्हणून वापरतात.

डेटाबेसकडे मी इतक्या बारकाईने पाहतो त्याला इतिहासही कारण आहे. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनची साखळी काही तास दुभंगली होती, आणि ती कोणाच्या हल्ल्यामुळे दुभंगलेली नव्हती. बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.८ आवृत्तीत बर्कलीडीबी हा जुना डेटाबेस जाऊन लेव्हलडीबी आली. जुन्या डेटाबेसमध्ये एका वेळी नोंदींना लावायच्या कुलुपांच्या (लॉकच्या) संख्येला मर्यादा होती, त्यामुळे एक मोठा ब्लॉक नव्या नोडनी स्वीकारला आणि अनेक जुन्या नोडना तो पेलता आला नाही. शेवटी खाणकाम करणाऱ्यांनी (नवे ब्लॉक तयार करणाऱ्यांनी) जुन्या आवृत्तीवर परत जाऊन साखळी एक केली.

गोरेगाव पूर्व

रीइंडेक्समध्ये पाच दिवस घालवण्याची गरज नव्हती असे मला वाटते. माझा नोड पूर्ण जुळलेला असतो आणि मी दर महिन्याला त्याच्या संपूर्ण फोल्डरची प्रत बाह्य डिस्कवर काढतो. मुलुंडकरांना हवी असल्यास दादर स्थानकावर भेटून मी ती डिस्क आनंदाने देईन. कॉपी करायला काही तास लागतील आणि नोड लगेच सुरू होईल. अडचणीच्या वेळी आपण एकमेकांना एवढी मदत करावी.

परळकर

गोरेगावकरांच्या मदतीच्या भावनेबद्दल आदर राखून या सल्ल्याशी मी असहमत आहे. कारण थोडे सविस्तर सांगावे लागेल.

त्या फोल्डरमध्ये दोन वेगळ्या स्वभावाच्या गोष्टी असतात. एक म्हणजे ब्लॉकच्या फाइली. त्या कोणाकडूनही घ्याव्यात, दादर स्थानकावर घ्याव्यात की इंटरनेटवरून घ्याव्यात, काही फरक पडत नाही, कारण रीइंडेक्स लावला की आपला नोड प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासून घेतो आणि खोटा ब्लॉक तेथेच नाकारला जातो. दुसरी गोष्ट म्हणजे चेनस्टेट. तो या तपासणीचा निष्कर्ष आहे. कोणते नाणे अद्याप खर्चलेले नाही, एवढेच त्यात लिहिलेले असते, आणि नोड सुरू होताना ती यादी पुन्हा सिद्ध करून पाहत नाही. दुसऱ्याची चेनस्टेट जशीच्या तशी घेणे म्हणजे दुसऱ्याने केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवणे. गोरेगावकरांवर माझा अविश्वास नाही. तरीही तो विश्वास ठेवायचाच असेल तर पूर्ण नोड चालवण्याचे मुख्य प्रयोजन उरत नाही, आणि मुलुंडकरांनी प्रश्नाच्या शेवटी जे लिहिले आहे ते पाहता त्यांना हे चालणार नाही.

म्हणून डिस्क अवश्य घ्यावी, पण तिच्यातील केवळ ब्लॉकच्या फाइली उचलाव्यात. उतरवून घेण्याचे ६०० जीबीहून अधिक इंटरनेट वाचेल आणि तपासणीही स्वतःची राहील. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बिटकॉइन कोअर मुळात 'अझ्यूमव्हॅलिड' ही सोय वापरतो, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेल्या एका ब्लॉकच्या आधीच्या व्यवहारांच्या स्वाक्षऱ्या तो तपासत नाही, बाकीचे सर्व नियम तपासतो. ज्यांना पहिल्या ब्लॉकपासून प्रत्येक स्वाक्षरी स्वतः पडताळायची आहे त्यांनी ती सोय शून्य करावी आणि अधिक दिवसांची तयारी ठेवावी.

नोड लवकर वापरात आणायचा असेल तर अलीकडच्या आवृत्त्यांत 'अझ्यूमयूटीएक्सओ' हा मार्ग आहे. त्यात चेनस्टेटची तयार प्रत भरता येते, पण तिचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) सॉफ्टवेअरमध्ये कोरलेल्या हॅशशी जुळावा लागतो आणि मागे संपूर्ण तपासणी चालूच राहते. परक्या फोल्डरपेक्षा हा मार्ग कितीतरी स्वच्छ आहे.

आपल्याच नोडची प्रत आपण काढत असाल तर मला काही हरकत नाही. मात्र नोड पूर्ण थांबवूनच ती काढावी, कारण चालू नोडची प्रत अर्धवट निघते. आणि केवळ चेनस्टेट बिघडली असेल, ब्लॉक शाबूत असतील, तर संपूर्ण रीइंडेक्सऐवजी 'रीइंडेक्स-चेनस्टेट' पुरतो. प्रून केलेल्या (जागा वाचवण्यासाठी जुने ब्लॉक पुसणाऱ्या) नोडला ही सवलत नाही, त्याला सगळे ब्लॉक पुन्हा उतरवून घ्यावे लागतात.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. माहीमकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे लॉग पाहिला. गेल्या महिन्यातील तिन्ही वेळा 'शटडाउन: डन' ही ओळ नाही. पहिली 'अपडेटटिप' एका वेळी ९१ ब्लॉक मागे होती. म्हणजे आपले निदान अचूक आहे.

जून महिन्याचा संदेश मात्र लॉगमध्ये सापडला नाही. सुदैवाने त्या संध्याकाळी मी पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढले होते, ते आज शोधून काढले. संदेशाचा आशय असा: ब्लॉकच्या डेटाबेसमध्ये भविष्यातील वाटणारा एक ब्लॉक आहे, आपल्या संगणकाची तारीख व वेळ चुकीची असल्यामुळे असे झालेले असू शकते, तारीख व वेळ बरोबर असल्याची खात्री असेल तरच डेटाबेस पुन्हा बांधावा. मी 'डेटाबेस पुन्हा बांधावा' एवढेच वाचले होते. छायाचित्राच्या कोपऱ्यात संगणकाची तारीखही दिसते आहे, आणि ती दोन वर्षांपूर्वीची आहे.

माहीमकाठ

मग आपला डेटाबेस बिघडलेलाच नव्हता, आणि डिस्कही निर्दोष आहे.

जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२. संगणकाची वीज पूर्ण गेली तरी घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. कार्यालयात कित्येक वर्षे वापरून विकलेल्या संगणकात हा सेल बहुधा संपलेला असतो, पण ते लक्षात येत नाही, कारण प्लगमधून वीज येत असेपर्यंत घड्याळ त्या विजेवरच चालते. आपल्याकडे त्या दिवशी वीजही नव्हती आणि यूपीएसही उतरला होता, तेव्हा घड्याळ मागे गेले. एरवी इंटरनेटवरून वेळ मिळाली असती, पण अशा वेळी केबलवाल्याचा इमारतीतील स्विच आपल्यानंतर बऱ्याच वेळाने सुरू होतो. त्या मधल्या काळात नोड उठला, साखळीच्या टोकाचा ब्लॉक त्याला घड्याळाच्या पुढे दिसला आणि त्याने थांबणे पसंत केले. बिटकॉइनच्या नियमानुसार नोडच्या घड्याळापेक्षा दोन तासांहून अधिक पुढची वेळ असलेला ब्लॉक स्वीकारला जात नाही, आणि सुरुवातीची ही तपासणी त्याच मर्यादेने होते. दुसऱ्या सकाळी इंटरनेट येऊन घड्याळ आपोआप बरोबर झाले असणार. त्या वेळी नोड नुसता पुन्हा सुरू केला असता तरी तो चालला असता.

हे वाचून आपल्याला त्या पाच दिवसांचे वाईट वाटेल, पण त्या संदेशाने भल्याभल्यांना फसवले आहे.

करायचे ते असे. सेल बदलावा. वेळ जुळल्याशिवाय नोड सुरूच होणार नाही अशी अट सिस्टमडीमध्ये घालावी, त्यासाठी 'टाइम-सिंक' हे लक्ष्य आहे. ज्यांचा नोड रास्पबेरी पाय ४ वर आहे त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ मुळातच नसते. लॉगबद्दलही एक सूचना. फाइल मोठी झाली की नोड सुरू होताना तिचा केवळ शेवटचा सुमारे १० एमबी भाग ठेवतो. रीइंडेक्समध्ये लाखो ओळी लिहिल्या गेल्या, त्यामुळे आपला जुना संदेश त्यात वाहून गेला. ही कापणी बंद करून 'लॉगरोटेट' (जुने लॉग वेगळे जपणारे साधन) वापरावे, म्हणजे निदानाच्या वेळी पुरावा हाताशी असतो.

विजेबद्दल थोडे अधिक. मुंबईत वीज रोज जात नाही, म्हणूनच आपण गाफील राहतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिड कोलमडून शहरभर वीज गेली होती, तेव्हा घरगुती यूपीएस कितीही मोठा असता तरी पुरला नसता. म्हणून यूपीएसकडून तासन् तास चालण्याची अपेक्षा धरण्यापेक्षा रीतसर बंद होण्याइतकी दहा-पंधरा मिनिटे मिळतात याची खात्री करावी. घरातील इन्व्हर्टरवर नोड असेल तर इन्व्हर्टरचे बटण यूपीएस मोडवर आहे का तेही पाहावे, अन्यथा विजेची अदलाबदल होताना संगणक झटका खाऊन बंद पडू शकतो.

माझे घर समुद्राजवळ आहे. खाऱ्या दमट हवेने रॅमचे आणि केबलचे संपर्क गंजलेले मी पाहिले आहेत, आणि त्यातून येणाऱ्या चुका अगदी डेटाबेस बिघडल्यासारख्याच दिसतात. पावसाळ्यात मी संगणक शक्यतो बंद ठेवत नाही, कारण उबदार यंत्रावर दमटपणा टिकत नाही. मुलुंडला हा त्रास कमी असेल.

बोरिवली पश्चिम

आवक जोडण्यांच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो.

राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर आपण सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. अशा वेळी राउटरवर पोर्ट उघडूनही काही होत नाही, कारण अडसर सेवा देणाऱ्याच्या बाजूला आहे. मासिक शुल्क देऊन स्थिर पत्ता घेता येतो. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर राउटरच्या आणि संगणकाच्या फायरवॉलमध्ये ८३३३ उघडून तो मार्ग वापरता येतो. तिसरा मार्ग टॉरचा, म्हणजे वापरणाऱ्याचा पत्ता लपवणाऱ्या जाळ्याचा. टॉरची छुपी सेवा स्वतःच बाहेर जोडण्या करून उभी राहते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि घराचा पत्ताही उघड होत नाही. नोडला टॉरच्या नियंत्रण पोर्टाची परवानगी दिली की तो आपला ओनियन (टॉरवरील) पत्ता स्वतः तयार करतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. गोपनीयतेच्या ओढीने काही जण नोड केवळ टॉरवर चालवतात. मी तसे करत नाही. टॉरवर नवे पत्ते निर्माण करायला काही लागत नाही, त्यामुळे कोणी हजारो खोटे नोड उभे करून आपल्याला चहूबाजूंनी घेरू शकतो. मग त्याला जे दाखवायचे तेवढेच आपल्याला दिसते. घेराव घालणाऱ्या या हल्ल्याची सविस्तर मांडणी संशोधकांनी २०१५ मध्ये केली आणि त्यानंतर बिटकॉइन कोअरमध्ये एकेक बचाव येत गेला. आपल्याला दिसणाऱ्या दहा जावक जोडण्यांपैकी आठ सर्वसाधारण असतात आणि दोन केवळ ब्लॉकच्या देवाणघेवाणीसाठी असतात, कारण व्यवहारांची कुजबुज नसलेल्या जोडण्या बाहेरून हुडकणे कठीण जाते. बंद होताना त्या दोन पत्त्यांची नोंद राहते आणि पुन्हा सुरू झाल्यावर नोड आधी त्यांच्याकडेच जातो. नोड रीतसर बंद होण्याचा हा आणखी एक फायदा. तेव्हा आयपीव्ही४, आयपीव्ही६, टॉर आणि जमल्यास आयटूपी (टॉरसारखेच दुसरे जाळे) असे एकाहून अधिक मार्ग एकाच वेळी ठेवावेत. 'एएसमॅप' ही सोयही वापरून पाहावी. तिच्यामुळे नोड आपल्या जोडण्या वेगवेगळ्या सेवादात्यांच्या जाळ्यांत पसरवतो.

आवक जोडण्या सुरू झाल्या की नवे नोड आपल्याकडून जुने ब्लॉक मागू लागतील आणि अपलोड झपाट्याने वाढेल. ज्यांच्या जोडणीला मासिक मर्यादा आहे त्यांनी 'मॅक्सअपलोडटार्गेट' लावावे. ती मर्यादा २४ तासांची असते. ती गाठत आली की नोड आठवड्याहून जुने ब्लॉक देणे थांबवतो, ताज्या ब्लॉकची देवाणघेवाण चालू राहते.

आणि ८३३२ हे आरपीसीचे (नोडला आज्ञा देण्याचे) पोर्ट बाहेर कधीही उघडू नये. लोकलमधून मोबाइलवर वॉलेट पाहायचे असेल तर घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) किंवा टॉर वापरावा. खासगी किल्ल्याही (नाणी खर्चण्यासाठी लागणारे गुप्त आकडे) नोडवर ठेवू नयेत. त्यावर केवळ पाहणारे वॉलेट असावे आणि स्वाक्षरी वेगळ्या हार्डवेअर वॉलेटवर व्हावी.

ठाकुर्ली लोकल

मी बिटकॉइनचा नोड चालवत नाही, पण इथेरियमचा व्हॅलिडेटर चालवतो, म्हणून केवळ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो: त्याच संगणकावर चालवू नये.

१५ सप्टेंबर २०२२ च्या विलीनीकरणापासून (खाणकाम सोडून ठेवीवर आधारलेली पद्धत आली तेव्हापासून) इथेरियमला दोन सॉफ्टवेअर एकत्र लागतात, एक व्यवहार राबवणारे आणि एक सहमती साधणारे. दर १२ सेकंदांना एक स्लॉट येतो, आणि आपल्या वाट्याचे मत त्या स्लॉटच्या पहिल्या काही सेकंदांतच द्यावे लागते. डिस्कवर दुसरा जड नोड काम करत असेल तर हे मत उशिरा जाते आणि मोबदला घटतो. शिवाय डिस्क वेगवान एनव्हीएमई हवी, त्यातही क्यूएलसी (सतत लिखाणात मंदावणाऱ्या) प्रकारची टाळावी. साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवर मी हा प्रयोग करणार नाही.

वीज किंवा इंटरनेट काही तास गेले म्हणून फार घाबरू नये. त्याचा दंड बुडालेल्या मोबदल्याएवढ्याच आसपास असतो. खरे नुकसान होते ते घाईने. घरचा संगणक बंद पडला म्हणून कोणी त्याच किल्ल्या भाड्याच्या सर्व्हरवर सुरू करतो, तेवढ्यात घरची वीज येते, आणि एकाच व्हॅलिडेटरची दोन परस्परविरोधी मते बाहेर पडतात. त्याला स्लॅशिंगची शिक्षा आहे, ठेवीतील रक्कम कापली जाते आणि व्हॅलिडेटर जाळ्याबाहेर काढला जातो. किल्ल्या हलवायच्याच असतील तर जुन्या संगणकावरील स्लॅशिंग-संरक्षणाची नोंद सोबत न्यावी, जुन्या संगणकावरून त्या किल्ल्या पुसून टाकाव्यात आणि मगच नवीन सुरू करावा. ३२ इथर ही लहान रक्कम नव्हे.

मुलुंडकर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सेल बदलला. कंटेनरची मुदत १० मिनिटे केली, डीबीकॅश ४५० वर आणला, आणि माझ्या कंटेनरमध्ये खरोखरच एक शेल स्क्रिप्ट होती, तिच्यात 'एक्झेक' घातले. काल मुद्दाम मुख्य बटण बंद करून दोन तासांनी सुरू केले. लॉगमध्ये 'शटडाउन: डन' आहे, घड्याळ बरोबर होते आणि इंटरनेट आल्यावर नोड काही मिनिटांत टोकाच्या ब्लॉकवर पोहोचला. राउटरचा पत्ता १००.७० ने सुरू होत होता, म्हणून टॉरची सेवा लावली. आज ओनियनवरून १४ आवक जोडण्या आहेत. आठ महिन्यांनंतर दुसऱ्या कोणाचा तरी नोड माझ्याकडून ब्लॉक घेत आहे, हे पाहून फार समाधान वाटले. व्हॅलिडेटरचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे.

एक शेवटचा प्रश्न. नोड मागे पडला तर मोबाइलवर इशारा यावा अशी व्यवस्था केली आहे. किती वेळ नवा ब्लॉक आला नाही म्हणजे काळजी करावी? ३० मिनिटांवर ठेवले तर दिवसभर इशारे येत राहतात.

माहीमकाठ

उत्तम झाले. ब्लॉक सरासरी १० मिनिटांनी येतात, पण ते एकमेकांची वाट पाहत येत नाहीत, त्यामुळे मोठी अंतरे स्वाभाविक असतात. गणिताने पाहिले तर ३० मिनिटांहून मोठे अंतर दिवसातून सुमारे सात वेळा पडते, एका तासाहून मोठे साधारण तीन दिवसांतून एकदा, ९० मिनिटांहून मोठे सुमारे दोन महिन्यांतून एकदा आणि दोन तासांहून मोठे अंदाजे तीन वर्षांतून एकदा. जाळ्याची खाणकामाची एकूण गणनशक्ती अचानक घटली तर ही अंतरे वाढतात, पण तसे क्वचितच होते. मी माझा इशारा ९० मिनिटांवर ठेवला आहे. तो आला की प्रथम जोडलेल्या नोडनी सांगितलेली हेडरची (ब्लॉकच्या शीर्षकाची) उंची आपल्या उंचीशी ताडून पाहतो, मग घड्याळ आणि मग डिस्कवरील शिल्लक जागा.

त्याच्या जोडीला दुसरा एक इशारा लावावा: आवक-जावक मिळून जोडण्या चारच्या खाली गेल्या तर. इमारतीतील केबलवाल्याचा स्विच बंद पडल्याची खबर मला त्यातूनच सर्वांत आधी मिळते.